श्रेयनामावलीबाहेरचा पियानो

सेशन वादक म्हणजे कोणत्याही एका गायकाशी वा वाद्यवृंदाशी बांधलेला नसलेला, ध्वनिमुद्रणापुरता बोलावला जाणारा आणि पाळीचा मोबदला घेऊन परतणारा कलावंत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ज्या नृत्यप्रधान संगीताला ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने १९४९ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ म्हणायला सुरुवात केली, त्यात पियानोवादकाचा डावा हात ठेका धरतो आणि उजवा गायकाच्या ओळीला उत्तर देतो. डेट्रॉईटमध्ये १९५९ साली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी उभी करणारे बेरी गॉर्डी पूर्वी मोटार कारखान्यात कामाला होते आणि तिथली शिस्त त्यांनी स्टुडिओत आणली. पियानोवादक अर्ल व्हॅन डाईक व त्यांच्या ‘फंक ब्रदर्स’ साथीदारांना मात्र रेकॉर्डच्या वेष्टनावर आपला उल्लेख दिसायला १९७१ उजाडावे लागले. जालना एमआयडीसीतून निघणाऱ्या सळईवर कंपनीची मोहोर उमटते, भट्टीसमोरच्या कामगाराचे नाव नाही, तसाच हा व्यवहार होता.

मुंबईत हाच व्यवहार अधिक गुंतागुंतीचा झाला. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादकाने जॅझ वाजवला आणि त्या वातावरणात गोव्याचे अनेक तरुण वादक घडले. चर्चशी जोडलेल्या शाळांत स्वरलेखन शिकलेली ही मंडळी कागदावरचे संगीत पाहताक्षणी वाजवत. दारूबंदीने हॉटेलांतील रोजगार आटला तेव्हा हेच कौशल्य त्यांना चित्रपटाच्या स्टुडिओंकडे घेऊन गेले. पुणतांब्याला जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’तील (१९५१) पाश्चात्त्य रंगामागे लुई आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवणाऱ्या चिक चॉकलेट यांचा मोठा वाटा आहे.

संगीतकार चाल देई. अरेंजर, म्हणजे त्या चालीचे प्रत्येक वाद्यासाठी स्वरलेखन करणारा संयोजक, वाद्यांची वाटणी करी. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्या कामातील मोठी नावे. पियानोवादकाला मात्र बऱ्याचदा केवळ स्वरसंगतींची खूण मिळे आणि दोन ओळींमधली जागा त्याने स्वतः भरायची असे. सगळे वादक व गायक एकाच वेळी, एकाच टेकमध्ये मुद्रित होत असल्याने एकाची चूक सगळ्यांना पुन्हा सुरुवात करायला लावी. लुसिला पाशेको यांच्यासारखी पियानोवादक स्त्री त्या पुरुषप्रधान स्टुडिओत टिकून राहिली, ही बाब इतिहासात ठळकपणे नोंदली जायला हवी. दोन ओळींमधल्या त्या जागेत जागच्या जागी सुचलेली एखादी सुरावट पुढे गाण्याची ओळख ठरली, तरी कायद्याने ती वादकाची होत नसे. हा अन्याय केवळ पैशाचा नाही, कर्तृत्वाच्या नोंदीचाही आहे. संशोधक ग्रेगरी बूथ यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात या वादकांच्या मुलाखती एकत्र आणल्या, तेव्हा कोठे अभ्यासकांना ही माणसे दिसू लागली.

कोलकात्यातून संगीतकार राहुलदेव बर्मन यांच्या बोलावण्यावरून मुंबईत आलेल्या पियानोवादक लुई बँक्स यांना पुढे जॅझवादक म्हणून स्वतंत्र कीर्ती मिळाली. अकॉर्डियन व पियानो या दोन्हींवर हुकूमत असलेल्या केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकात सिंथेसायझर स्टुडिओत आणला. नंतर प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होऊ लागले, तेव्हा की-बोर्डवर बसलेला एकच वादक तंतुवाद्यांचा अख्खा ताफा वाजवू लागला आणि शेजारच्या खुर्च्यांवरील व्हायोलिनवादकांना बोलावणी येईनाशी झाली.