बिनसावलीची दुपार

रिकाम्या जागेचं अंगावर येणारं छायाचित्र हवं तर रात्री जावं, असा समज आहे. वऱ्हाडात तशी गरज नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की बारा ते चार रस्ते आपोआप ओस पडतात. भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको, हे आजीनं बजावलेलं असतंच. आजीला उजेडातलं कळत होतं, असं हल्ली वाटतं.

माझ्या आवडीची जागा म्हणजे शकुंतला रेल्वेची बंद स्थानकं. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यातलं, अचलपूर अमरावतीतलं. मधे कापसासाठी टाकलेले अडीच फुटी रूळ. 1994पर्यंत वाफेचं इंजिन, मग डिझेल, आता गाडीच नाही. पार ढासळलेली इमारत मी सोडून देतो. तिची कीव येते, धास्ती वाटत नाही. रुळांकडे तोंड केलेला बाक आणि तिकिटाची खिडकी शाबूत असली की थांबतो.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, 35 मिमीची लेन्स, उभ्या रेषा ओळंब्यात. तिरका कोन घेतला की जागेपेक्षा छायाचित्रकारच जास्त दिसतो. उजेड चुन्याच्या भिंतीवर मोजायचा. मग भिंतीचे पोपडे नीट उमटतात आणि खिडकीच्या आत काळंकुट्ट होतं.

खरी पर्वणी 23 ते 26 मेदरम्यान. सूर्य या पट्ट्यात नेमका डोक्यावर येतो आणि सव्वाबाराच्या सुमारास खांबाची सावली खांबाच्याच बुडात जिरते. भुताला सावली नसते म्हणतात. तेवढ्या वेळात खांबालाही नसते. छायाचित्र पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येत नाही. वस्तू जमिनीला टेकलेल्या वाटत नाहीत, इतकंच. जुलैत सूर्य पुन्हा तिथं येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं.

दीर्घ एक्स्पोजरनं माणसं पुसताही येतात. 1838च्या सुमारास दागेरनं टिपलेला पॅरिसचा वाहता रस्ता असाच रिकामा दिसतो. एका जागी थांबून बूट पॉलिश करून घेणारा तेवढा उमटला. गडद फिल्टर लावून अमरावतीचा राजकमल चौकही ओस पाडता येईल. मला ती लबाडी वाटते.

एकदा शेळ्या घेऊन आलेल्या काकांनी विचारलं, “कायचे फोटो काढून राह्यले जी? इथं तं कोनीच नाई.”

“म्हणूनच काढतोय, काका.”

“मंग माह्या काढा एक.”

बाकावर बसवून काढला. त्यात स्थानक नुसतं जुनं दिसतं, धास्तीचा मागमूस नाही. काकांना तोच आवडला.