हरवलेल्या नोंदी परत आणताना

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरांवर हल्ला झाला. माहिती कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. अशा वेळी जो तो विचारतो, "बॅकअप आहे ना?" आम्हांला हा प्रश्न अपुरा वाटतो.

चाकणचा एखादा कारखाना घेऊ. रात्री दोनला डेटाबेसची पूर्ण प्रत निघते. सकाळी अकराला कारकुनाच्या हातून आवकीच्या साऱ्या नोंदी पुसल्या गेल्या. रात्रीची प्रत नुसती चढवली, तर सकाळची नऊ तासांची आवक बुडाली. मात्र व्यवहारांची रोजकीर्द, म्हणजे लॉग, शाबूत असेल, तर त्या प्रतीवर ती ओळीओळीने पुन्हा चालवून अकराच्या अलीकडे थांबता येते. यास वेळ लागतो. तोवर फाटकाशी ट्रक खोळंबतात. शेजारचा जुळा सर्व्हर क्षणात उभा राहतो खरा, पण तो यंत्र जळाले तर. माणसाची चूक तो इमानाने स्वतःवरही उतरवून घेतो! खंडणीखोर तर जोडलेल्या प्रतींनाही कुलूप घालतो. तेथे तारेपासून दूर ठेवलेली प्रतच कामाची.

मार्ग कोणताही धरा, आधी नव्या नोंदी थांबवून बिघडलेल्या डेटाबेसची आहे तशी नक्कल बाजूला काढावी. दुरुस्ती फसली, तर परतायला तेवढीच जागा उरते.