संदेश-रांग सर्व्हरचा समूह : निर्णयाचे निकष

प्रस्तावना : एका संगणक प्रणालीने पाठविलेला संदेश दुसरी प्रणाली स्वीकारेपर्यंत सांभाळण्याचे कार्य संदेश-रांग सर्व्हर करतो. तो बंद पडल्यास दोहोंमधील व्यवहार खंडित होतो. म्हणून अनेक सर्व्हरांचा समूह, म्हणजेच क्लस्टर, करावा असे सुचविले जाते. हा निर्णय केव्हा योग्य ठरतो, याचा विचार प्रस्तुत लेखात रॅबिटएमक्यू या मुक्तस्रोत प्रणालीच्या आधारे केला आहे.

स्वरूप : समूह केला की संदेश आपोआप सुरक्षित होतात, हा समज चुकीचा आहे. रांगांच्या व्याख्या सर्व सर्व्हरांवर असतात. परंतु साध्या रांगेतील संदेश एकाच सर्व्हरवर राहतात. प्रती हव्या असल्यास २०१९ मधील ३.८ आवृत्तीपासून उपलब्ध झालेली क्वोरम रांग वापरावी लागते.

निकष :
१) सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत थांबणे परवडत असेल, तर एकच सर्व्हर व डिस्कवर नोंदविलेले संदेश पुरेसे होत. मात्र डिस्कच निकामी झाल्यास ते संदेश गमावले जातात.
२) हा धोका पत्करता येत नसेल, तर किमान ३ सर्व्हर घ्यावेत. क्वोरम रांग बहुमतावर चालते. ३ पैकी १ किंवा ५ पैकी २ सर्व्हर बंद पडले तरी काम चालू राहते. २ पैकी १ गेल्यास बहुमत उरत नाही.
३) सर्व्हर दूरदूरच्या शहरांत असल्यास समूह टाळून स्वतंत्र सर्व्हर फेडरेशनने जोडावेत, कारण मधला संपर्क तुटण्याची शक्यता अधिक असते.

निष्कर्ष : केवळ गतीसाठी समूह करू नये, प्रती लिहिण्याचा भार वाढतोच. संदेश हरवल्यास होणारी हानी हाच निर्णयाचा खरा आधार होय.