पन्नास अधिक वीस किती?

दिवाळी आली की दुकानांवर पाट्या झळकतात : ‘५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के!’ गृहिणी मनात सत्तर धरतात. गृहस्थही धरतात, फक्त बोलून दाखवीत नाहीत. २१०० रुपयांचा फ्रॉक घ्या. निम्म्याने उरले १०५०. पुढचे वीस टक्के या १०५० वर, म्हणजे २१०. द्यायचे ८४०. सूट साठच टक्के झाली! सत्तर असती तर ६३० त काम भागले असते.

आता कर. छापील कमाल किमतीत सारे कर धरलेले असतात. या फ्रॉकवर जीएसटी ५ टक्के. म्हणजे ८४० त मूळ किंमत ८००, कर ४०. बरोबर एकविसावा भाग. तेव्हा बिलात ८४० वर आणखी ४२ मांडलेले दिसले, तर पिशवी उचलण्याआधी दुकानदाराला जरूर विचारा.