टेकड्यांची बाजू मांडणाऱ्या नगरसेविका
पुण्याच्या टेकड्यांचा विषय निघाला की ॲड. वंदना चव्हाण यांचे नाव येतेच. व्यवसायाने वकील असलेल्या चव्हाण नगरसेविका झाल्या आणि १९९७-९८ मध्ये महापौरपदी पोहोचल्या. १९९७ मध्येच महापालिका हद्दीत आलेल्या गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे (बीडीपी) आरक्षण हवे, हा आग्रह त्यांनी पुढे सातत्याने धरला. २०१२ ते २०२४ या काळात राज्यसभेत असतानाही तो सोडला नाही. वृक्षारोपणाची छायाचित्रे कोणीही काढून घेतो. टेकडी वाचते ती विकास आराखड्यातील आरक्षणाने, आणि तेथे नगरसेवकाचे मत मोलाचे ठरते. अडचण अशी, की यातील बहुतांश जमीन खासगी मालकीची. बांधकामास मनाई, तर मोबदला किती? राज्य सरकारने २०१५ मध्ये ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊ केले. जमीनमालकांना ते अपुरे वाटले.