उल/रुल (कोरियन प्रत्यय)

उल आणि रुल ही कोरियन भाषेतील कर्मदर्शक प्रत्ययाची दोन रूपे आहेत. व्यंजनान्त नामाला 'उल' व स्वरान्त नामाला 'रुल' लागतो. यातील 'उ' ओठ गोल न करता उच्चारतात.

मराठीशी तुलना

मराठीत 'पुस्तक वाचतो' येथे निर्जीव कर्म प्रत्ययाविना येते, तर 'मित्राला भेटतो' येथे सजीव कर्माला 'ला' लागतो. कोरियनमध्ये हा भेद नाही: छेगुल इल्गॉयो (पुस्तक वाचतो), छिन्गुरुल मान्नायो (मित्राला भेटतो). 'छेक' म्हणजे पुस्तक. स्वरापूर्वी त्यातील 'क'चा 'ग' ऐकू येतो.

'मित्राला पुस्तक देतो' या वाक्यात मात्र मित्र हे संप्रदान असल्याने त्याला 'एगे' व पुस्तकाला 'उल' लागतो: छिन्गुएगे छेगुल ज्वॉयो. त्यामुळे मराठीभाषक नवशिक्याने 'ला'वरून नव्हे, तर वाक्यातील कर्म ओळखून हा प्रत्यय योजावा. बोलीत तो अनेकदा गाळला जातो.