फिक्कं आहे हो!

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही परभणीकर पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात रूममेट्सना ऐकवतो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे मात्र सोयीस्करपणे गिळून टाकतो! तर अशा या परभणीत, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, आमच्या घराच्या गच्चीवर एका संध्याकाळपुरतं चक्क व्हिएतनामी हॉटेल चालू होतं. मालकीण, आचारी, वेटर सगळं काही मीच. गिऱ्हाईकं अकरा. बिल शून्य. अट एकच, जेवून झाल्यावर मत द्यायचं. खरं खरं, आणि माझ्या तोंडावर.

हा उद्योग कशासाठी? सांगते. त्यामागे माझं एक जुनं पाप आहे.

ते अडीच स्टार

तीन वर्षांपूर्वी पुण्यात मी राहते त्या भागात एक छोटंसं व्हिएतनामी रेस्टॉरंट उघडलं. आठ टेबलं, भिंतीवर बांबूच्या टोप्या, काउंटरवर मालक आणि आत किचनमध्ये त्याची बायको. दोघंही आपलेच मराठी, चांगल्या नोकऱ्या सोडून या धंद्यात उतरलेले. मी तेव्हा आठवड्याला दोन रिव्ह्यू लिहायचे. एका रिव्ह्यूचे पैसे इतके, की त्यात तिथलं एक जेवणही बसलं नसतं! गेले, 'फो' मागवला, फोटो काढले, चार घोट घेतले आणि घरी येऊन लिहिलं, 'सूप फिक्कं. मीठ-मसाला घालायला विसरले की काय? अडीच स्टार.' वर एक चटपटीत शीर्षक. लोकांना जाम आवडलं. धडाधड फॉरवर्ड झालं.

त्या बाउलशेजारी एक बशी होती. लिंबाची फोड, मिरचीचे काप, पुदिना, बेसिलची पानं, मोड आलेले मूग. मला वाटलं, डेकोरेशन असेल. मी तिला हातही लावला नाही.

चारेक महिन्यांनी पुन्हा तिथे गेले तर मेनूकार्ड नवं. 'शेजवान फो', 'तंदुरी फो'. साधा फो गायब. मी विचारलं, तर वेटर म्हणाला, "नाही मॅडम, तो बंद केला. लोक म्हणतात, फिक्कं लागतं."

शब्द माझाच होता. मी गपचूप शेजवान फो खाल्ला, बिल दिलं आणि निघून आले. 'ते लिहिणारी मीच' एवढं सांगायची काही हिंमत झाली नाही.

फो म्हणजे नक्की काय भानगड?

मग उशिराने का होईना, अभ्यास केला. फो म्हणजे हाडांच्या सुपातल्या तांदळाच्या शेवया. जन्म उत्तर व्हिएतनाममधला, हनोई आणि नाम दिन्ह या भागातला, फ्रेंचांच्या राजवटीतला. मूळचा गोमांसाचा, पण कोंबडीचा 'फो गा'ही अस्सल हनोईचाच. कांदा आणि आलं जाळावर काळं होईस्तोवर भाजायचं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची, धणे कोरडे भाजून हाडांबरोबर मंद आचेवर तासन्‌तास उकळायचे. शेवटी सगळं गाळून घ्यायचं.

हे वाचताना मी जागच्या जागी उडाले. अहो, ही तर आपल्या काळ्या मसाल्याची यादी! आमच्या मराठवाड्यात रश्शासाठी कांदा असाच भाजतात, चक्रीफूल आणि दालचिनी अशीच परततात. फरक एवढाच की आपण ते सगळं वाटून रश्शात घालतो, वर येसर लावून दाटपणा आणतो. तिकडे वास ठेवतात आणि बाकीचं गाळून टाकतात. तिखट, आंबट, हिरवं काय हवं ते जेवणाऱ्याने आपल्या हाताने घालायचं. म्हणजे ती बशी डेकोरेशन नव्हतीच. ती अर्धी रेसिपी होती. आणि मी अर्ध्या रेसिपीला अडीच स्टार देऊन आले होते!

गच्चीवरचं हनोई

म्हणून परभणी. म्हटलं, आता आपण काउंटरच्या पलीकडे उभं राहून बघू. शेवया आणि फिश सॉसची बाटली पुण्याहून नेली. बाकी सगळं गांधी पार्कजवळच्या बाजारात मिळालं. दोन पातेली चढवली, एक कोंबडीच्या हाडांचं, दुसरं शाकाहारी मंडळींसाठी मुळा, गाजर आणि मक्याच्या कणसांचं. यात काही भेसळ नाही बरं का. व्हिएतनाममध्ये बौद्ध मंडळी अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास शाकाहार पाळतात, त्या जेवणाला 'चाय' म्हणतात आणि शाकाहारी फोला 'फो चाय'. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या चतुर्थीसारखंच की!"

बेसिल मिळेना, तेव्हा कोथिंबीर, पुदिना आणि कांद्याची पात. तीन तास पातेली उकळली. वास जिन्यातून खाली गेला आणि वेळेआधीच गिऱ्हाईकं वर आली.

अकरा गिऱ्हाईकं, बारा मतं

शेजारच्या काकूंनी फिश सॉसची बाटली उघडली आणि लगेच बंद केली. "अगं बाई, सुकटीचं पाणी!" अगदी बरोबर. न्वोक माम म्हणजे छोटे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. सुकट काय आणि हे काय, नातं जवळचंच. काकूंनी चाय पातेल्यातलं घेतलं, दोन घोट प्यायल्या आणि म्हणाल्या, "आजारी माणसाला फार छान आहे हो." (ही स्तुती की शालजोडीतला, देव जाणे!)

जिंतूरहून आलेल्या मामांनी एका दमात सांगितलं, "फिक्कं आहे." बस्स. पुढे चर्चा नाही. माझाच शब्द, माझ्याच गच्चीवर. तीन तास गॅससमोर उभं राहिल्यावर हा शब्द कानाला कसा लागतो, ते त्या दिवशी कळलं.

हिंजवडीत आयटीत असलेला चुलतभाऊ व्हिएतनाम फिरून आलेला. २०२२ मध्ये मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून त्याचं अर्धं ऑफिस तिकडे जाऊन आलंय. तो म्हणाला, "ऑथेंटिक नाहीये. तिकडे असं नसतं." मी विचारलं, तिकडे म्हणजे कुठे? "सायगॉनला." आता गंमत ऐका. १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले आणि त्यांच्याबरोबर फोही आला. दक्षिणेतल्या लोकांनी त्यात मोड, ढीगभर पाला आणि गोडसर सॉस घातले. सायगॉनचा फो गोड लागतो, ही हनोईकरांची तक्रार आजही चालू आहे. म्हणजे 'ऑथेंटिक' हासुद्धा गिऱ्हाइकांच्या मतांनीच घडलेला पदार्थ!

बाबा कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले. 'क्रांती' म्हटलं की त्यांना भेंडी आठवते आणि 'मोती' म्हटलं की ज्वारी, कारण 'परभणी क्रांती' आणि 'परभणी मोती' हे दोन्ही तिथलेच वाण. त्यांनी दोन वाट्या मागितल्या. एकीत काही घातलं नाही, दुसरीत लिंबू, मिरची आणि पुदिना. आलटून पालटून दोन्ही प्यायले. "एका प्लॉटवरून निष्कर्ष काढायचा नसतो," म्हणाले. "पहिलीत वास चांगला आहे, चव नाही. दुसरीत दोन्ही आहे." मग ज्वारीची भाकरी मागवली, दुसऱ्या वाटीत चुरली आणि शांतपणे सगळं संपवलं. माझ्या आख्ख्या करिअरमध्ये मी इतका नीट रिव्ह्यू लिहिलेला नाही.

गाडीवाल्या दादांचा फंडा

अकरावं गिऱ्हाईक म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे चायनीजच्या गाडीवाले दादा. गाडी पोरावर सोपवून आले होते. आधी नुसतं सूप प्यायले.

"ताई, ह्याच्यात अजिनोमोटो नाही?"

"नाही."

"मग हे गोडसर कशानं लागायलंय?"

"हाडं आणि भाजलेला कांदा. तीन तास."

"तीन तास गॅस जाळून तुम्ही लोकांना हे असं मोकळं देऊ लालात? लिंबू पिळायचं आधी सांगा ना!" त्यांनी स्वतः लिंबू पिळलं, दोन मिरच्या टाकल्या, पुन्हा प्यायले. "आता आलं."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी मंचुरियनमध्ये मिरची कमी पडायची. एका गिऱ्हाइकाने प्लेट तशीच ठेवली. दादांनी विचारलं, तर तो म्हणाला, गोड लागतंय. त्याच्यासमोरच माल परत कढईत टाकला, मिरची-लसूण वाढवलं आणि दिलं. दुसऱ्या दिवशी तो चार पोरं घेऊन आला.

"म्हणजे सगळ्यांचं ऐकता?" मी विचारलं.

"छ्या! एक जण म्हणला, शेंगदाण्याचा कूट घाला. त्याला म्हणलं, ते घरी." दादा हसले. "आपण बघायचं, त्यानं अर्धी प्लेट तरी खाल्ली का. अर्धी खाऊन बोलतो, त्याचं ऐकायचं. एका घासात बोलतो, त्याला नुसतं 'बरं' म्हणायचं."

चार घोट. मला माझे ते चार घोट आठवले.

खरं तर दादांची गाडी ज्यावर चालते ते मंचुरियनही एका गिऱ्हाइकामुळेच जन्माला आलं, असं सांगतात. १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये नेल्सन वांग नावाचे शेफ होते, कोलकात्यात जन्मलेले. कुणीतरी म्हणालं, मेनूत नाही असं काहीतरी नवं द्या. वांग यांनी आपल्याकडच्या सवयीचं आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, पण गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर घातलं. चीनमधल्या मांचुरियाला ज्याचा पत्ताही नाही, ते मंचुरियन आज आमच्या स्टेशन रोडपर्यंत पोचलंय. तेव्हा गिऱ्हाइकाच्या मतात दम असतो बॉस. त्याने पदार्थ जन्माला येतो, आणि मेनूवरून पुसलाही जातो.

आपलं काय चुकतं?

आपण ऑफिसातले लोक शुक्रवारी रात्री नव्या जागी जातो, थकलेलो असतो, हजारेक रुपये मोजतो. मत असणं हा आपला हक्कच आहे. चव आवडली नाही तर नाही आवडली! मामांना माझा फो फिक्का लागला, तो त्यांचा हक्क. पण मामांनी ते मला सांगितलं. मी त्यांना बशी पुढे केली, त्यांनी मिरची घातली आणि दुसरी वाटी मागितली. हेच त्यांनी घरी जाऊन मोबाइलवर लिहिलं असतं, तर मला फक्त स्टार दिसले असते, मामा दिसले नसते. आणि पुढच्या वेळी मी घाबरून पातेल्यात शेजवान सॉस ओतला असता.

मोठ्या चेनला दोन स्टार कमी मिळाले तर तिथे मीटिंग होते. आठ टेबलांच्या जागेत मेनू बदलतो.

आणि मग पुणे

परत आल्यावर पहिल्याच रविवारी दुपारी त्या रेस्टॉरंटमध्ये गेले. गर्दी ओसरली होती. मालकांना म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी अडीच स्टारवालं ते मी लिहिलं होतं."

"माहितीये," ते म्हणाले. "फोटो होता ना तुमचा."

इतके दिवस मी तिथे जेवत होते आणि त्यांना माहीत होतं! मला काय बोलावं सुचेना. सॉरी म्हटलं. त्यांनी मान हलवली, 'काही नाही हो' असं म्हणाले नाहीत. बरं वाटलं, कारण 'काही नाही' असं ते नव्हतंच. मग आतून त्यांच्या बायकोने विचारलं, "साधा खाणार का? आमच्या जेवणापुरता करतो आम्ही रोज."

बाउल आला, शेजारी बशी आली. मी आधी नुसतं सूप प्यायले. मग लिंबू, मग मिरची, मग पुदिना. संपेपर्यंत एक शब्द बोलले नाही. मग म्हटलं, मीठ किंचित कमी आहे, पण वास भन्नाट. त्या म्हणाल्या, "मीठ कमीच ठेवते, फिश सॉस टेबलावर आहे." बघितलं तर होताच. माझं लक्ष नव्हतं. सवयी एका दिवाळीत जात नाहीत!

साधा फो पुन्हा मेनूवर आणा म्हटलं, तर मालक म्हणाले, "एका माणसासाठी पातेलं चढत नाही. शनिवारी दुपारी दहा जण येणार असतील तर करतो."

सध्या आम्ही सात जण आहोत. तीन जागा शिल्लक आहेत.

पहिल्यांदाच व्हिएतनामी खाताय? मग हे लक्षात ठेवा...

१. 'फो' लिहितात, पण उच्चार 'फऽ'च्या जवळचा. चुकला तरी चालतं, वेटरही फोच म्हणतो.

२. आधी नुसतं सूप प्या. मग बशीतलं थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतू नका.

३. शाकाहारी असाल तर फिश सॉस घालतात का, हे आधीच विचारा. भाज्यांच्या पदार्थांतही तो असू शकतो.

४. 'बान मी' म्हणजे फ्रेंच पावातलं व्हिएतनामी सारण. पोर्तुगीजांच्या पावात आपला वडा घालणाऱ्यांना यात काही विशेष वाटायला नको!

५. कॉफी कंडेन्स्ड मिल्क घातलेली, कडक आणि गोड असते. कॉफी पिकवण्यात ब्राझीलनंतर नंबर व्हिएतनामचाच लागतो.

६. आवडलं नाही तर आधी काउंटरवर सांगा. अर्धी प्लेट खाऊन झाल्यावर!